१९६५ची मस्टँग : वर्षाच्या मध्यात बदललेले भाग ओळखायचे कसे?

शिकाऊ_मिस्त्री

मंडळी, १९६५च्या फोर्ड मस्टँग हार्डटॉपचं पूर्ण रिस्टोरेशन सुरू करायचं आहे. गाडी मिशिगनमध्ये आहे आणि अजून एकही बोल्ट सोडलेला नाही. दिसतं ते असं:

चॅसिस नंबरची सुरुवात ५एफ०७एफ. ड्रायव्हरच्या दारावरच्या पत्रीवर तारीख २२जी. इंजिन २८९, ब्लॉकवर ओतीव नंबर सी५एई-६०१५-ई आणि त्याच्या जवळ ४एल१८. मीटरमध्ये 'एएलटी' असा दिवा आहे. हॉर्न मात्र चॅसिसच्या पुढच्या दांड्यांवर आहेत. शेजारची सीट पुढे-मागे सरकत नाही. बॉनेटचा डावा कोपरा हेडलाइटच्या रिंगशी नीट जुळतो, उजवीकडे फट आहे.

कॅटलॉगमध्ये निम्मे भाग 'साडेचौसष्ट ते सहासष्ट' असे एकत्र दिलेत. यातलं मूळचं काय, नंतर बसवलेलं काय, आणि मागवायचं काय? बोल्ट सोडण्याआधी काय काय नोंदवून ठेवू?

---

जुनं_लोखंड

बोल्ट सोडण्याआधी विचारलंत, हे उत्तम केलंत. बहुतेकांचे प्रश्न सँडब्लास्टिंग झाल्यावर येतात, आणि तोवर अर्धा पुरावा वाळूबरोबर गेलेला असतो.

आधी नंबर वाचू. पहिला ५ म्हणजे १९६५ मॉडेल. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप (०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक). त्यानंतरचं एफ सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते इंजिनाचं अक्षर आहे. एफ म्हणजे २६० घनइंचाचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-८. तुमच्या गाडीत २८९ आहे, म्हणजे इंजिन बदललेलं आहे. एवढं एका अक्षरावरून कळतं.

मस्टँगचं उत्पादन ९ मार्च १९६४ला सुरू झालं आणि विक्री १७ एप्रिलला. ऑगस्ट १९६४मध्ये कारखान्यांनी नेहमीच्या १९६५ मॉडेलवर्षाचं काम सुरू केलं आणि त्या वेळी बरेच भाग एकदम बदलले. त्याआधीच्या गाड्यांना लोक साडेचौसष्ट म्हणतात. फोर्डच्या कागदावर असं मॉडेल नाही, सगळ्या १९६५च. म्हणून नोंदणीच्या कागदावरून काहीही ठरत नाही.

इंजिनाची अक्षरं पाठच करा. सुरुवातीच्या गाड्यांत यू (१७० सहा सिलेंडर), एफ (२६०), डी (२८९ चार बॅरल, २१० अश्वशक्ती). ऑगस्टनंतर टी (२०० सहा सिलेंडर, १२० अश्वशक्ती), सी (२८९ दोन बॅरल, २०० अश्वशक्ती), ए (२८९ चार बॅरल, २२५ अश्वशक्ती). के, म्हणजे २७१ अश्वशक्तीचं हाय परफॉर्मन्स २८९, जून १९६४मध्ये आलं आणि पुढेही चालू राहिलं. त्यामुळे यू, एफ किंवा डी दिसलं तर गाडी सुरुवातीची. टी, सी किंवा ए दिसलं तर नंतरची. के असेल तर तारीख बघावीच लागते.

पत्रीवरचं २२जी म्हणजे २२ जुलै. महिन्यांना ए पासून अक्षरं आहेत आणि मधलं आय गाळलेलं आहे, म्हणून एच ऑगस्ट, जे सप्टेंबर, एम डिसेंबर. १९६५ मॉडेलचं उत्पादन वर्षभराहून जास्त चाललं, त्यामुळे नुसत्या महिन्याच्या अक्षरावर विसंबू नका. तुमच्याकडे इंजिनाचं एफ आणि जुलैचं जी दोन्ही १९६४कडेच बोट दाखवतात. गाडी साडेचौसष्ट, बदलाच्या जेमतेम काही आठवडे आधीची.

एक पथ्य मात्र पाळा. ती पत्री दारावर रिव्हेटने बसवलेली असते, दारं बदलली जातात आणि नव्या पत्र्याही छापून मिळतात. खरा नंबर इंजिनाच्या कप्प्यात डाव्या एप्रनच्या (मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या) वरच्या कडेवर ठोकलेला असतो. मडगार्डला तिथे अर्धगोल खाच आहे, त्यातून दिसतो. मडगार्ड उतरवल्यावर त्याच्या आड झाकलेला ठसाही तपासा. पत्री आणि एप्रन जुळले तरच २२जी धरून पुढे चला.

---

नटबोल्ट

इंजिनावर सविस्तर लिहितो, कारण पैसे तिथेच जास्त जातात.

फोर्डच्या नंबरात पहिलं अक्षर दशक दाखवतं, सी म्हणजे साठचं दशक. पुढचा आकडा वर्षाचा. मग गाडीची शाखा: झेड मस्टँग, ओ फेअरलेन, डी फाल्कन, ए मोठ्या गाड्या. चौथ्या अक्षरात ई असेल तर इंजिन विभाग, बी असेल तर बॉडी. मधला ६०१५ म्हणजे सिलेंडर ब्लॉक, आणि शेवटचं अक्षर सुधारणेचा क्रम. म्हणजे सी५एई-६०१५-ई हा १९६५साठी आखलेला ब्लॉक. मस्टँगच्या ब्लॉकवर झेड दिसत नाही म्हणून घाबरू नका. एकच ब्लॉक अनेक गाड्यांत जायचा आणि नंबर ज्या शाखेसाठी आखला तिचा राहायचा.

४एल१८ ही ओतण्याची तारीख आहे: १९६४, नोव्हेंबर, १८. गाडी जुलैची आणि ब्लॉक नोव्हेंबरचा, म्हणजे हा ब्लॉक या गाडीत कारखान्यात बसलेला असूच शकत नाही. नियम एवढाच की भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची हवी. किती आधीची? ब्लॉक आणि हेडसाठी काही दिवसांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत चालतं. सहा महिने मागे गेलं की संशय घ्यावा. एक दिवस जरी पुढे गेलं तरी विषय संपला.

आता बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाचे, बोल्ट मोजा. ऑगस्ट १९६४पर्यंतच्या २६० आणि २८९ ब्लॉकवर बेल हाउसिंग पाच बोल्टने बसायचं, त्यानंतर सहा. तुमच्या ब्लॉकवर सहा असणार. स्टार्टरचे बोल्ट यात धरायचे नाहीत, तिथेच गोंधळ होतो. पाच आणि सहा बोल्टची हाउसिंग एकमेकांवर बसत नाहीत, मधली पत्र्याची प्लेटही वेगळी. म्हणजे इंजिन बदलणाऱ्याने हाउसिंगही बदललेलं आहे. तेव्हा गिअरबॉक्सवरचा नंबर आणि तारीखही वाचा, तो मूळचा असेलच असं नाही.

मूळचं २६० परत बसवायचं तर पाच बोल्टचं आणि २२ जुलै १९६४च्या आधी ओतलेलं हवं. विकणारा २६० म्हणून पाच बोल्टचं २८९ देऊ शकतो, बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. स्ट्रोक दोन्हीचा २.८७ इंच आहे, त्यामुळे प्लगच्या भोकातून सळी घालून पिस्टनची चाल मोजली तर काहीच कळत नाही. बोअर वेगळा आहे: २६०चा ३.८० इंच, २८९चा ४.०० इंच. हेड उतरवून व्हर्नियर लावा. रीबोअर झाला असेल तर ३.८३ किंवा ३.८४ही निघेल, पण तो ४ इंचापर्यंत कधी जात नाही.

ओतीव नंबर उजव्या बाजूला, स्टार्टरच्या वर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आड असतो. गाडीत इंजिन असताना स्टार्टर काढल्याशिवाय तो धड वाचता येत नाही. ई आणि एफ, किंवा ३ आणि ८ यांत चूक होते, म्हणून फोटो काढून मोठा करून बघा.

आणखी एक. या वर्षांत साध्या इंजिनांच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकत नसत, तो के इंजिनावर ठोकलेला मिळतो. म्हणून एफ गाडीसाठी 'याच गाडीचं मूळ इंजिन' असं कोणी सांगितलं तर ते सिद्ध करता येत नाही. तारीख जुळते, एवढंच म्हणता येतं.

---

आर्मेचर

दिव्याबद्दल. ऑगस्ट १९६४पर्यंत मस्टँगला डायनमो होता आणि मीटरमधल्या दिव्यावर 'जीईएन' लिहिलेलं असे. नंतर अल्टरनेटर आला आणि दिवा 'एएलटी' झाला. तुमच्या गाडीत 'एएलटी' आहे, म्हणजे इंजिनाबरोबर मीटरही दुसऱ्या गाडीचा आला किंवा त्याची पुढची काच बदलली.

खरा प्रश्न वायरिंगचा आहे. कटआउट, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी रेग्युलेटरची पेटी, बघा. डायनमोच्या कटआउटवर बीएटी, एआरएम आणि एफएलडी अशी टोकं असतात. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरवर ए, एस, एफ आणि आय. पुढचं हार्नेस मूळचं असून कोणीतरी टोकं कापून जोड दिले असतील, तर कापडी टेपच्या आत ते सापडतील. हार्नेस फेकू नका. त्यावर कागदी लेबल चिकटलेलं असेल तर त्यावरचा नंबर वाचेपर्यंत पाणीसुद्धा लावू नका.

डायनमो परत बसवायचा तर डायनमो, कटआउट, ब्रॅकेट, पुली आणि पुढचं हार्नेस, सगळं मिळून एकच संच समजा. अर्धवट बदललं की चार्जिंग होत नाही आणि दोष शोधण्यात वेळ जातो. बसवल्यावर डायनमोला ध्रुवता द्यावी लागते. इंजिन बंद ठेवून कटआउटवरची एफएलडी वायर सोडायची आणि तिचं टोक बीएटी टोकाला क्षणभर टेकवायचं. लहानशी ठिणगी पडते. मग वायर परत एफएलडीवर लावायची. ही पद्धत फोर्डच्या डायनमोची आहे. जनरल मोटर्सच्या डायनमोत फील्डची जोडणी उलटी असते, तिथे बीएटी आणि एआरएम क्षणभर जोडतात. तो सल्ला वाचून फोर्डवर केला तर चूक होईल. हे न करता गाडी सुरू केली तर डायनमो उलट्या ध्रुवतेने वीज बनवू शकतो आणि कटआउटचे पॉइंट चिकटून जळतात.

ब्रेक लाइटचा स्विचही बघा. सुरुवातीच्या गाड्यांत तो मास्टर सिलेंडरवर, तेलाच्या दाबावर चालणारा. नंतर पेडलवर यांत्रिक. मास्टर सिलेंडर बदलला गेला असेल तर तिथे पेडलचा स्विच दिसेल. आधी पेडलच्या ब्रॅकेटवरचा रंग तपासा, मूळचा की नंतर खरवडलेला.

---

पत्राकाम

तुमच्या बॉनेटच्या कोपऱ्यात नेमकी माहिती लपली आहे.

सुरुवातीच्या बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यांची कडा दुमडून बंद केलेली नसते. कोपऱ्याखाली बोट फिरवा. एकेरी पत्र्याची धार लागली तर बॉनेट सुरुवातीचं. पत्रा मागे वळवून चपटा दाबलेला, गुळगुळीत लागला तर नंतरचं. हेडलाइटभोवतीची ओतीव रिंग त्या बॉनेटप्रमाणे बनवलेली होती: सुरुवातीच्या रिंगला बॉनेटकडच्या बाजूस तिरका उतार आहे, नंतरच्या रिंगला नाही. डावीकडे जुळतं आणि उजवीकडे फट आहे, म्हणजे बहुधा उजवी रिंग नंतरची आहे. अपघातात एकच बाजू बदलली गेली असेल. तसं असेल तर उजव्या मडगार्डचे बोल्टही फिरलेले दिसतील.

कॅटलॉगमधली 'साडेचौसष्ट ते सहासष्ट' अशी रिंग मागवलीत तर बहुतेक वेळा नंतरच्या आकाराची येते. मग मिस्त्री ती घासून बसवतो किंवा बॉनेट वाकवतो, आणि दोन्हीत मूळचं बॉनेट बिघडतं. सुरुवातीचं बॉनेट चांगल्या अवस्थेत असेल तर ते सांभाळा, रिंग शोधा.

मडगार्डवरच्या 'मस्टँग' अक्षरांची लांबी मोजा. सुरुवातीची अक्षरं सुमारे ४ ३/८ इंच, नंतरची ४ ७/८ इंच. भोकं जुळत नाहीत, म्हणून बदललेल्या मडगार्डच्या आतल्या बाजूला बुजवलेली भोकं दिसतात. बाहेरून लांबी भरल्याने काही दिसणार नाही, चाकाच्या कमानीतून आत टॉर्च मारा.

बाकी झटपट: पेट्रोलच्या टाकीचं झाकण सुरुवातीला सुटं होतं, नंतर त्याला तारेचा दोर आला. दाराच्या कडीची मूठ सुरुवातीला सी-क्लिपवर, नंतर ॲलन स्क्रूवर. लॉकची बटणं आधी आतल्या रंगाची, नंतर क्रोमची. न सरकणारी शेजारची सीट सुरुवातीचीच, आणि दांड्यांवरचे हॉर्नही. म्हणजे तुमच्या गाडीचा आतला भाग आणि पुढचा सांगाडा बऱ्यापैकी मूळचा दिसतोय.

---

एडिसनकर

वरच्या सगळ्याशी सहमत. कारखान्याच्या अक्षराबद्दल एक भर.

एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटाचेन. मेटाचेन नावाचा कारखाना खरं तर न्यू जर्सीतल्या एडिसनच्या हद्दीत होता, आज जिथे आपली इतकी मराठी मंडळी राहतात त्याच गावात. तिथे मस्टँग बनू लागली ती १९६५च्या सुरुवातीला. म्हणून टी अक्षराच्या गाडीत डायनमो, पाच बोल्टचा ब्लॉक किंवा सुरुवातीचं बॉनेट मूळचं असू शकत नाही. जाहिरातीत 'साडेचौसष्ट' आणि नंबरात टी दिसला तर पुढे बोलायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे, बदलाची तारीख भिंतीसारखी मानू नका. कारखान्यात जुना साठा संपेपर्यंत लागायचा. पार्ट्स कॅटलॉगमध्ये 'अमुक तारखेआधी' आणि 'अमुक तारखेपासून' असं लिहिलेलं असतं, पण ती तारीख कामाच्या नियोजनाची असते. एका कारखान्यात तो भाग आठवडाभर आधी आला आणि दुसऱ्यात नंतर, असंही झालं. ऑगस्ट १९६४च्या आसपासच्या गाड्यांत दोन्हीकडचे भाग एकत्र मिळू शकतात.

मग मिश्र भाग मूळचे की नंतरचे, हे कसं ठरवायचं? एकेका भागावरून ठरवू नये. जोडीने जाणाऱ्या भागांचे गट करा. बॉनेट आणि दोन रिंगा एक गट. डायनमो, कटआउट, हार्नेस, मीटरचा दिवा दुसरा. ब्लॉक, हाउसिंग, प्लेट तिसरा. गट आतून एकसंध असेल आणि बोल्टवरचा रंग न फुटलेला असेल, तर तो कारखान्याचा मानायला हरकत नाही. एकाच गटात दोन काळ मिसळले असतील तर हात लागलेला आहे.

---

फास्टबॅक_६५

माझ्याही प्रश्नाला इथेच जागा द्या. ५आर०९ए, पत्रीवर १४एम, आणि गाडीवर जीटीचं सगळं साहित्य: ग्रिलमधले फॉग लॅम्प, खालचे पट्टे, मागच्या व्हॅलन्समधून (बंपरखालच्या पत्र्यातून) बाहेर येणारे एक्झॉस्टचे कर्णे. विकणारा म्हणतो मूळची जीटी. नंबरातून कळतं का?

---

जुनं_लोखंड

नंबरातून कळत नाही, जीटीला वेगळं अक्षर नाही. पण तारखेतून कळतं. १४एम म्हणजे १४ डिसेंबर १९६४. जीटीचा संच बाजारात आला एप्रिल १९६५मध्ये, मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला. डिसेंबरची गाडी कारखान्यातून जीटी म्हणून निघूच शकत नाही. साहित्य डीलरने किंवा नंतरच्या मालकाने बसवलेलं आहे. गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत ए-कोड फास्टबॅकची द्यावी, जीटीची नव्हे.

तारीख जुळणारी गाडी असेल तर पुढे हे तपासा. जीटी फक्त ए किंवा के इंजिनावर मिळायची. पुढे डिस्क ब्रेक हवेत. मीटरमध्ये पाच गोल घड्याळं हवीत, आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर नव्हे. आणि गाडीखाली जाऊन मागच्या दांड्यांवर एक्झॉस्टच्या हँगरसाठी वेल्ड केलेल्या मजबुतीच्या पट्ट्या शोधा. फॉग लॅम्प, पट्टे, कर्ण्यांची खाच असलेली व्हॅलन्स हे सगळं नवं विकत मिळतं. त्या पट्ट्या बसवायची तसदी फार थोडे घेतात, आणि बसवल्या तरी वेल्डिंग वेगळं दिसतं. कारखान्याचा रंग त्या वेल्डवरून सलग गेलेला असतो.

१९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो, त्यात कारखान्याच्या नोंदीतून गाडीचे पर्याय मिळतात. १९६५साठी तशी सोय नाही. म्हणून या गाड्यांत पत्रा, वेल्ड आणि तारखा एवढाच पुरावा.

---

स्मॉलब्लॉक

शेव्हरोलेवाल्यांसाठी थोडं लिहितो, कारण फोर्डची पद्धत तिकडे लावून लोक फसतात. फोर्डच्या पत्रीवर १२सी म्हणजे १२ मार्च. १९६९ कॅमॅरोच्या फायरवॉलवरच्या पत्रीवर १२सी म्हणजे डिसेंबरचा तिसरा आठवडा, कारण तिथे आकडा महिन्याचा आणि अक्षर आठवड्याचं.

ओतीव तारखेत शेव्हरोले अक्षर आधी लिहिते: एल १९ ८ म्हणजे १९ डिसेंबर, वर्षाचा शेवटचा आकडा ८. इथे मोठा खड्डा आहे. १९६९ कॅमॅरोच्या झेड/२८ या वेगवान आवृत्तीच्या ३०२ इंजिनात वर्षभरात तीन ब्लॉक आले: आधी ३९३२३८६, मग ३९५६६१८, शेवटी ३९७००१०. हा शेवटचा नंबर सत्तरच्या दशकभर ओतला जात होता. त्यामुळे शेवटी ९ दिसला तर तो १९६९ही असू शकतो आणि १९७९ही. खात्री इंजिनाच्या पुढच्या सपाट पट्टीवर होते. तिथे व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग महिना-दिवस, मग डीझेड हा ३०२चा कोड. त्या पट्टीवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेघा पुढून मागे जातात. रेघा आडव्या किंवा गोलाकार असतील, किंवा पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, तर पृष्ठभाग घासला गेला आहे आणि अक्षरं नंतर ठोकलेली असू शकतात.

नॉरवूड कारखान्यातल्या १९६९ कॅमॅरोंच्या पत्रीवर डिसेंबर १९६८पासून एक्स११, एक्स३३, एक्स७७ असे कोड येऊ लागले. झेड/२८साठी एक्स३३ किंवा एक्स७७. त्याआधीच्या गाडीवर एक्स कोड नसणंच बरोबर आहे. व्हॅन नाइस या दुसऱ्या कारखान्यातल्या गाड्यांवर तो नसतोच, म्हणून तिथे तो न दिसणं हा दोष मानू नका.

सरकारी नियमांच्या तारखा मात्र सगळ्या कंपन्यांना सारख्या. पुढच्या सीटचे खांद्याचे पट्टे १ जानेवारी १९६८पासून सक्तीचे, कन्व्हर्टिबल सोडून. हेडरेस्ट १ जानेवारी १९६९पासून. म्हणून नोव्हेंबर १९६८मध्ये बनलेल्या १९६९ मॉडेलला हेडरेस्ट नसले तरी ती गाडी अपुरी नाही, आणि मार्च १९६९च्या गाडीला नसतील तर सीट बदललेल्या आहेत.

---

शिकाऊ_मिस्त्री

सगळ्यांचे आभार. एप्रनवरचा ठसा आणि पत्री जुळली. उजवी रिंग खरंच उताराशिवायची आहे, आणि उजव्या मडगार्डच्या बोल्टवरचा रंग फुटलेला आहे. बेल हाउसिंगला सहा बोल्ट. आता दोन प्रश्न. नंबर वाचण्यासाठी गंज आणि रंग कसा काढावा? आणि २६० शोधताना विकणाऱ्याकडे नेमकं काय मागावं?

---

पत्राकाम

एप्रनवरच्या ठशाला ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, वाळू यांपैकी काहीही लावायचं नाही. ठशाची खोली मुळातच कमी असते, एका फेऱ्यात अक्षरं पुसट होतात, आणि नंबर घासल्यासारखा दिसला तर नोंदणीच्या वेळी अडचण येते. पेंट रिमूव्हर ब्रशने लावा, वर प्लास्टिक झाका, वीस मिनिटांनी लाकडी पट्टीने खरवडा. राहिलेला रंग नायलॉनच्या ब्रशने. गंज असेल तर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर कापसावर घेऊन दाबून ठेवा, पुन्हा पुसा. दिवा बाजूने, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरा, मग सावलीत अक्षरं उठून दिसतात. फोटो त्याच प्रकाशात घ्या.

ओतीव नंबरसाठी रॉकेल आणि ताठ ब्रश. कोरडं झाल्यावर खडूचा चपटा तुकडा वरून फिरवा, उठावदार अक्षरं पांढरी होतात. ठोकलेल्या, म्हणजे खोलगट अक्षरांसाठी उलट करायचं: खडू चोळून वरचा पुसून टाकायचा.

सुटे करताना प्रत्येक भाग उतरवण्याआधी जागेवर फोटो, मग पिशवी. पिशवीवर भागाचं नाव, बाजू, नंबर, तारीख. बोल्ट त्याच पिशवीत, कारण डोक्यावरची खूण आणि कोटिंगही कारखान्याचा पुरावा असतो. फायरवॉल, डिफरन्शियल आणि स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर त्या तपासनीसाच्या खुणा असू शकतात. मोजमाप आणि फोटो घेतल्याशिवाय धुऊ नका.

डिफरन्शियलच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी चिठ्ठी असते, कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या स्क्रूखालीही. त्यांवर तारीख वर्ष, महिना, आठवडा अशी असते, उदाहरणार्थ ४एफबी म्हणजे जून १९६४चा दुसरा आठवडा. या चिठ्ठ्या सुटून हरवतात. पाना लावायच्या आधी त्याच उतरवून लिफाफ्यात ठेवा.

---

नटबोल्ट

विकणाऱ्याकडे पाच गोष्टींचे फोटो मागा. एक, ओतीव नंबर. दोन, ओतण्याची तारीख. दोन्ही एकाच चौकटीत नंबर-तारीख ओळखू येतील इतक्या जवळून, नाहीतर दोन वेगळ्या ब्लॉकचे फोटो जोडून पाठवले जातात. तीन, मागची बाजू, बेल हाउसिंगची भोकं मोजता येतील अशी. चार, बोअरमध्ये व्हर्नियर, वाचन दिसेल असं. पाच, मेन कॅप बसलेल्या अवस्थेत खालून, तडा आणि वेल्डिंग बघण्यासाठी.

तारीख मार्च ते जुलैच्या सुरुवातीची चालेल: ४सी, ४डी, ४ई, ४एफ, फार तर ४जीचे पहिले दिवस. त्याआधीचं फाल्कन किंवा फेअरलेनमधलं इंजिन तांत्रिकदृष्ट्या बसेल, पण तारीख लांब पडते. नुसता ब्लॉक घेऊ नका. पाच बोल्टची हाउसिंग, मधली प्लेट आणि फ्लायव्हील बरोबर येत असतील तर थोडे जास्त पैसे द्या, सुटं शोधणं जास्त महाग पडतं. हाउसिंग हातात आल्यावर गिअरबॉक्सकडच्या बोल्टचं अंतर आणि मधल्या भोकाचा व्यास तुमच्या गिअरबॉक्सशी ताडून बघा. हे इंजिन जागेवर उचलण्याआधी करायचं काम आहे.

हातातलं सहा बोल्टचं २८९ विकायची घाई नको. नोव्हेंबर १९६४चा ब्लॉक डिसेंबर किंवा जानेवारीच्या सी-कोड गाडीवाल्याला नेमका हवा असतो, आणि त्याच्याकडे पाच बोल्टचं काही पडून असण्याची शक्यता असते. अदलाबदलीत दोन्ही गाड्या जुळतात.

---

आर्मेचर

क्रम सांगतो. आधी उजवी रिंग मिळवून बॉनेट, मडगार्ड आणि दोन्ही रिंगा रंगाआधी कोऱ्या पत्र्यावर बसवून बघा. मग इंजिन. हार्नेस सगळ्यात शेवटी मागवा, कारण २६०च्या डायनमोचं हार्नेस कोणत्या बाजूने जातं ते ब्रॅकेट जागेवर आल्याशिवाय कळत नाही. मागवताना 'जीईएन दिव्याचं' एवढंच लिहून थांबू नका, कटआउटच्या टोकांचा फोटोही जोडा. 'जीईएन' काचेचा मीटर मिळाला की बसवण्याआधी मागची छापील सर्किट पट्टी बघा. नंतरच्या पट्टीवर जुनी काच चढवून विकतात.